आप्पांनी नापास केलेल्या मालिशच्या शाळा

आमच्या शेजारचे आप्पा माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. लग्नात सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत असतो तेव्हा हे गृहस्थ मागे उभे राहून पाहुण्यांच्या पाठी वाचत असतात. "त्यो तिसऱ्या रांगंतला डाव्या कुशीवर निजतोय." "ही बाई कळशी उजव्या कमरंवर घेती, मणका सरकलाय बगा." मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून अठ्ठावीस वर्षं राहते. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले, सगळा गाव मला नावानं ओळखतो, पण आप्पांना माझं आडनाव आजतागायत सांगता आलेलं नाही. माझा डावा खांदा मात्र त्यांना तोंडपाठ आहे.

फलटणहून अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या तालमीत आप्पांनी चाळीसेक वर्षं पैलवानांची अंगं मळली. लचकलेले पाय, उतरलेले खांदे, धरलेल्या माना, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. ते पैलवान पुढे कुणी सोसायटीचे चेअरमन झाले, कुणी कारखान्यावर चिकटले, आणि आता आप्पा रस्त्यात दिसले की गाडीची काच वर जाते. आप्पांना त्याचं काही नाही. काचेआडची मान बघून ते म्हणतात, "धरलीया परत."

"अंग सोडा" हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा एकच मंत्र. मालिश करताना तो शोभतो. पण आप्पा तो तलाठ्याला सांगतात, एसटीच्या कंडक्टरला सांगतात, आणि ज्या दिवशी माझं पेन्शनचं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं त्या दिवशी मलाही सांगितलं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरात आप्पा आणि त्यांची सून रेखा, दोघंच. आप्पांच्या बायकोला, आमच्या काकींना, जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा फौजेत होता, गाडी दरीत कोसळली त्यात गेला. रेखा तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पदरात मूल नाही. तेव्हापासून ही दोन माणसं एका छपराखाली अशी राहतात की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा. रेखा पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवणार, दोन पावलं मागे सरणार, मग आप्पा तो उचलणार. सुनेच्या हातातून सासऱ्यानं काही घ्यायचं नाही. गावाला ह्या मर्यादेचं भारी कौतुक. कौतुक करणाऱ्यांपैकी एकानंही त्या घरात तासभर बसून बघितलेलं नाही. दिवसभरात दोघं वीसएक शब्द बोलतात, त्यातले निम्मे म्हशीबद्दल असतात.

रेखाचा हात मात्र गुणाचा. आळीतली बाळं आणि बाळंतिणी तिनंच चोळायच्या. फलटणच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, "तुझा हात चांगला आहे. मालिशचं सर्टिफिकेट घेऊन ये, मी तुला दवाखान्यात ठेवते." रेखाच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी रंग बघितला. पण म्हसवडहून तिचा भाऊ आला आणि ओट्यावरच बसून म्हणाला, "आमची भन लोकांची अंगं चोळत फिरनार व्हय? शिकायचंच आसंल तर दसऱ्यापातुर शाळा ठरवा. न्हाईतर मी तिला घिऊन जातो." घेऊन कशाला जाणार ते उघड होतं. त्याच्या घरी तीन पोरं आहेत आणि बायकोला कामाचा कंटाळा आहे.

म्हणून आप्पा, रेखा आणि मी शाळा बघायला निघालो. "बायकामान्सांच्या शाळंत मी एकला कसा जाऊ, बाई? तुमी चला," म्हणून आप्पांनी मला जुंपलं. मीही गेले. निवृत्त माणसाला कुणीतरी कुठेतरी बोलावतंय ह्याचंच अप्रूप असतं.

पहिली शाळा साताऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. काचेचं दार, आत कसलासा गोड वास, कोपऱ्यात विजेवर चालणारा धबधबा. तिथले सर कोट घालून बसले होते. त्यांनी रंगीत पुस्तक पुढे केलं. आप्पांनी ते बाजूला सारलं आणि म्हणाले, "हात दावा." सरांना वाटलं भविष्य बघणार, त्यांनी खुशीत हात पुढे केला. आप्पांनी अंगठ्याचं मूळ दाबलं, बोटांची पेरं चाचपली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या हातानं कवा म्हशीची धार बी काढली न्हाई."

मग त्यांनी विचारायचं ते विचारलं. एका पोरीला शिकायला अंगं किती मिळतात? सर म्हणाले, आमच्याकडे आधुनिक पुतळा आहे. टेबलं किती, पोरी किती? टेबलं तीन, पोरी चाळीस. इथनं शिकून गेलेली एखादी बाई भेटवा. ती म्हणे सध्या दुबईला आहे. एवढं झाल्यावर कुणीही उठलं असतं. आप्पांनी सदरा काढला आणि टेबलावर पालथे झाले. "आता करून दावा." सरांनी एका मुलीला बोलावलं, तिनं अर्धा तास पाठीवर हात फिरवला, आणि आप्पा शेवटच्या मिनिटापर्यंत निवांत पडून राहिले. उठून सदरा चढवत म्हणाले, "नापास." मला बरं वाटलं. भिंतीवर सर्टिफिकेटांची रांग लावून पोरींना लुबाडणाऱ्या लोकांना कुणीतरी नापास म्हणायलाच हवं होतं.

दुसरी शाळा कऱ्हाडात. इथला मास्तर खरा होता. त्याला हाडांची नावं येत होती आणि हातही कामाचा होता, हे आप्पांनीच कबूल केलं. इथेही आप्पा टेबलावर निजले. चांगली पाऊण तास सेवा झाली. मग उठून त्यांनी तेलाच्या वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "तेलात भेसळ हाय."

"आप्पा, तेल प्यायचं नाहीये तिला," मी म्हटलं.

"जे तोंडात घालवत न्हाई ते अंगात कसं घालायचं, बाई?"

हीही नापास. रेखा एसटीत खिडकीशी बसून राहिली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. दसऱ्याला बारा दिवस उरले होते. माझं डोकं हळूहळू तापायला लागलं होतं.

तिसरी शाळा सांगलीत. एका जैन बाईंनी आपल्या घराच्या खालच्या मजल्यावर चालवलेली. पन्नाशीची भक्कम बाई, हातांवर नखांपर्यंत तेल मुरलेलं. भिंतीवर एकही सर्टिफिकेट नाही, कोपऱ्यात स्वच्छ चादरींची चळत. एका टेबलाला दोनच पोरी. आधी प्रत्येकीनं स्वतः निजायचं, आपल्या अंगावर काय होतं ते समजून घ्यायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. शेजारी धर्मादाय दवाखाना, तिथले म्हातारेकोतारे रोज येतात, म्हणजे अंगांना तोटा नाही. जुन्या दोन विद्यार्थिनी तिथेच कामाला, त्यांच्याशी मी स्वतः बोलले. राहायची सोय माडीवर. मी मनातल्या मनात रेखाचं सामानसुद्धा बांधलं.

आप्पा म्हणाले, "हात दावा."

बाईंनी हात दिला, आणि आप्पा तो चाचपत असतानाच त्यांनी दुसऱ्या हातानं आप्पांचा उजवा खांदा धरला. "हा कधीपासून अडकलाय, काका?"

आप्पांनी बाईंचा हात सोडला. बाईंनी त्यांना खुर्चीवरच बसवलं आणि दहा मिनिटं तो खांदा दाबला. रेखा दाराशी उभी राहून बाईंची बोटं कुठं पडतात ते टक लावून बघत होती. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मग ते उठले, नमस्कार केला, आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "न्हाई जमायचं. हितल्या पाण्याला चव न्हाई."

मी आयुष्यभर वर्गात ओरडले आहे, पण सांगलीच्या स्टँडवर जेवढी ओरडले तेवढी कधीच नाही. रेखाला मी पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं आणि आप्पांना बाकावर बसवून झाडलं. म्हटलं, तुम्हाला शाळा नकोच आहे. तुम्हाला भाकरी थापायला आणि म्हशीचं शेण काढायला घरात बाई पाहिजे. तो म्हसवडचा भाऊ निदान तोंडावर बोलतो, तुम्ही तेलाची चव घेऊन तिचा गळा कापताय. दसऱ्यानंतर ती तिकडे पोरं सांभाळत म्हातारी होईल, तेव्हा सांगा तिला अंग सोड म्हणून.

शेजारच्या बाकावरचा माणूस उठून लांब जाऊन बसला.

आप्पा खाली फरशीकडे बघत होते. "शाळा चांगली हाय, बाई," ते म्हणाले. "लय चांगली हाय. पयल्या झटक्यात कळलं."

"मग?"

"ही ठरली की मग अजून कुटं बगायला जायाचं ऱ्हात न्हाई." उजवा खांदा चाचपत ते म्हणाले, "तुमची काकी गेल्यापासनं माज्या अंगाला कुनाचा हात लागला न्हाई. लोकांची अंगं मळून मळून माजी बोटं झिजली, पर आप्पा तू बी निज जरा, असं कुनी म्हनलं न्हाई. साताऱ्याच्या त्या पोरीला काय बी येत नव्हतं. तरी निजलो व्हतो. बरं वाटत व्हतं."

मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिले आणि ह्या माणसाला खांदा आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला स्वतःला शेवटचं कुणी कधी जवळ घेतलं होतं, तेही मला स्टँडवर बसून आठवेना, आणि त्याचाही मला राग आला.

रेखा बाटली भरून आली. तिनं ती बाकाच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. मग पदर जरा मागे करून, सरळ आप्पांकडे बघत म्हणाली, "आप्पा, मला हितंच शिकायचंय."

आप्पांनी बाटली उचलली, दोन घोट प्यायले. "चला," ते म्हणाले. "शाळंतल्या बाई जेवाय बसायच्या आत गाठू."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी रेखा सांगलीला राहायला गेली. भाऊ आला होता. आप्पांनी त्याला दारातच सांगितलं की तिच्या बापाच्या जागी मी हाय, आणि मी ठरवलंय. भावानं गावभर फिरून आप्पांची जेवढी बदनामी करता येईल तेवढी केली. गावाला तेवढंच काम मिळालं.

दर रविवारी रेखा घरी येते. शाळेची एक वही असते. घरच्या माणसाला मालिश करायचं, त्या माणसानं कसं वाटलं ते वहीत लिहून खाली सही करायची. पहिल्या रविवारी तिनं ती वही पाण्याच्या तांब्याशेजारी उंबऱ्यावर ठेवली. आप्पांनी वाचली आणि माझ्याकडे घेऊन आले. "बाई, तुमी निजा."

"मी घरची नाही. वहीत घरचं माणूस म्हटलंय. तुम्ही निजा."

"सासरा हाय मी."

रेखा माझ्या दारात तेलाची वाटी घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला चालंल, आप्पा. मी शाळंतल्या बाईंना इचारलंय. त्या म्हनल्या, बापासारकाच की."

आप्पा तिच्याकडे वळले नाहीत. "मला न्हाई चालायचं, पोरी," एवढंच म्हणाले, आणि माझ्या पायरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

मी ओरडणार होते. पण त्यांच्या वयाच्या माणसाला ओरडून काय बदलणार, असं वाटलं आणि मुकाट्यानं निजले. रेखाचे हात गरम होते. आप्पा बाहेरून, न बघता, नुसत्या माझ्या श्वासावरून सांगत होते. "घाई करू नगं. बाईंचा डावा खांदा सोड, तितं मागनं ये." ती ऐकत होती. त्या दोघांनी त्या एका तासात वर्षभराचं बोलून घेतलं असेल.

वहीत मी चार ओळी लिहिल्या, सही केली. चारच्या गाडीनं रेखा गेली. आप्पा स्टँडवर जाऊन आले आणि परत माझ्या पायरीवर येऊन बसले.

"कसं वाटलं, बाई?"

"बरं वाटलं."

"बरं म्हंजे? तुमी शिकवनाऱ्या हायसा. नीट सांगा."

मग मी सांगितलं. आधी मानेच्या मुळाशी दोन्ही अंगठे ठेवले. मग खांद्याकडे आली, सावकाश. तिथं एक गाठ होती, तिच्यावर तळवा नुसता ठेवून राहिली, दाबलं नाही, आणि ती आपोआप सैल झाली. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खाली, कमरेपर्यंत.

आप्पांनी डोळे मिटले होते, हात गुडघ्यांवर उताणे पडले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"खांद्याचं परत सांगा की जरा."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि मानेपासून पुन्हा सुरुवात केली.