सूनबाईचा गृहपाठ

अकरा मिनिटांच्या व्हिडिओत बाबा सात शब्द बोलले होते आणि सूनबाई नऊशे चौदा.

"मी दोनदा मोजले," स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. "बाबांच्या सातातले चार तर नुसते 'अगं' आहेत."

'घरी बाबांशी गप्पा मारतानाचा व्हिडिओ आणा' असं मॅडमनी सांगितलं होतं, तेव्हा सूनबाईने तो परीक्षेच्या तयारीने काढला होता. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवला, खिडकीतला उजेड पाहिला, सासऱ्यांचे केस विंचरले. हा व्हिडिओ मॅडम इतर घरांना नमुना म्हणून दाखवतील, अशी तिची मनातल्या मनात खात्री होती.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. पाच महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द जिभेपर्यंत येऊन अडायला लागले. समजत सगळं होतं, बाहेर यायचं तेवढं राहायचं.

मॅडमनी व्हिडिओ लावला. पडद्यावर बाबा म्हणाले, "अगं, मला..." आणि पडद्यावरची सूनबाई सुटली, "पाणी? चहा? उशी देऊ पाठीला? पंखा कमी करू? थंडी वाजतेय ना? बघा, मला वाटलंच! थांबा, स्वेटर आणते!" ती चौकटीतून गेली. मागे उरलेल्या बाबांनी हळूच कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"त्यांना काय हवं होतं?" मॅडमनी विचारलं.

"ते... तसं राहूनच गेलं," सूनबाई म्हणाली. शेजारी बसलेल्या बाबांनी जोरात होकाराची मान हलवली.

"तुम्ही किती वेळ थांबलात?"

"चांगली दहा सेकंदं तरी."

"दीड." मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. "पाच महिन्यांत बाबांनी एक पूर्ण वाक्य आपलं आपण केलेलं नाही. जमत नाही म्हणून नव्हे, त्यांची पाळीच येत नाही. तेव्हा या आठवड्यात गृहपाठ बाबांना नाही."

"बरं झालं, दमलेत ते," म्हणत सूनबाईने सवयीने वही उघडली. या वहीत बाबांनी प्यायलेलं पाणी, झोप आणि शब्द यांचे रोजचे रकाने होते.

"तुम्हाला आहे. काहीही बोलायच्या आधी मनात दहापर्यंत मोजायचं. फक्त बाबांशीच नाही, सगळ्यांशी. एकाच ठिकाणी पाळलेला नियम टिकत नाही. आणि बाबांनी वाक्य सुरू केलं, की मधे शब्द घालायचा नाही. घराला आग लागली तरच."

बाबा पाच महिन्यांत प्रथमच दात दिसतील असं हसले.

घरी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बालवाडीपासून एमएस्सीपर्यंत सूनबाई कशातच नापास झाली नव्हती, आणि 'बाबांची थेरपी झकास चाललीय, माझी वहीच आहे ना' हे तिने साऱ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं होतं. आता नापास झाले म्हणून सांगायचं? त्यापेक्षा गुपचूप मोजावं.

पहिला बळी नवऱ्याचा गेला.

"अगं, माझा निळा शर्ट कुठंय?"

एक, दोन, तीन, चार.

"म्हणजे मी जागेवर ठेवत नाही, असंच ना?"

पाच, सहा, सात.

"बरं, बरं, शोधतो माझा मी. एवढं बघायला नको." तो आत गेला आणि तिच्या आठव्या आकड्याला परत बाहेर आला. "आणि रविवारचं तुला कुणी सांगितलं? नुसतं एक दिवस जाऊन येणार होतो गं मित्रांबरोबर. नाही म्हणून कळवतो त्यांना."

रविवारचं सूनबाईला काहीच माहीत नव्हतं. दहा झाल्यावर ती म्हणाली, "कपाटात, डावीकडे," पण तोवर नवरा भलताच पांढरा पडला होता.

दुपारी नणंदेचा फोन आला. समोर बसलेला माणूस गप्प असला तर निदान दिसतो तरी. फोनवर नुसता श्वास ऐकू येतो.

"बाबा जेवले का?" एक, दोन. "हॅलो? ऐकू येतंय ना?" तीन, चार. "वहिनी, रागावलीयस का?" पाच. "हे बघ, मी काकूंकडे तुझ्याबद्दल जे बोलले ते मनातून नव्हतं गं. त्यांनीच विषय काढला. मी फक्त 'फार बोलते' एवढंच म्हणाले." इथे सूनबाईचे आकडे चुकले आणि तिला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली. तेवढ्यात पलीकडे हुंदका आला नि फोन बंद झाला.

आईशी तर याहून वाईट झालं. "कशी आहेस?" या प्रश्नाला सूनबाईने दहा मोजून "छान" म्हटलं. पण पोटच्या पोरीचं 'छान' जर एवढं उशिरा आलं, तर ते छान नसतं हे कोणत्याही आईला कळतं. "मी निघते," आई म्हणाली. "अगं नको" म्हणण्यासाठी सूनबाई मोजत होती तेव्हा आई बॅग भरत होती.

एक गोष्ट मात्र सूनबाईला खटकत होती. ती बाबांसमोर बसून मोजायला लागली, की बाबांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हलायची. मधूनच ते मान नकारार्थी हलवायचे. तिने वहीत नवा रकाना आखला: 'डावा हात थरथरतो. डॉक्टरांना विचारणे. तातडीचं.'

बाबा वाक्यं सुरू करत होते, हे खरं. "मला..." ते म्हणायचे. ती ओठ दाताखाली दाबून धरायची, दहापर्यंत जायची आणि दहा झाले रे झाले की विचारायची, "उशी?" बाबा डोळे मिटून घ्यायचे.

गुरुवारी संध्याकाळी घर भरलं. आई बॅग घेऊन आली, नणंद रडून सुजलेले डोळे घेऊन आली, नवरा ऑफिसातून कुणाला न सांगता लवकर निघून आला. तिघांनी स्वयंपाकघरात कुजबुज केली आणि मग बाहेरच्या खोलीत येऊन सूनबाईला बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सूनबाईची अडीच वर्षांची लेक बबडी आजोबांच्या पायाशी बसून हे सगळं पाहत होती.

"हस बघू," नवरा म्हणाला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर 'तरुणांमधील स्ट्रोकची लक्षणं' उघडलेली होती.

आता खरं सांगून टाकायचं, असं सूनबाईने ठरवलं. पण चार दिवसांत मोजणी अशी अंगवळणी पडली होती की आकडे आपोआप सुरू झाले.

"हसत नाहीये!" नणंद म्हणाली.

"दोन्ही हात वर कर."

सूनबाईने दहा मोजून हात वर केले.

"बघितलंत? सांगितलेलं डोक्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतोय," आईने तोंडाला पदर लावला. "माझी पोर किती बोलायची हो! झोपेतसुद्धा बोलायची!"

"मी गाडी बोलावतो," नवऱ्याने फोन लावला. "हॅलो, अॅम्ब्युलन्स पाठवा. पेशंट? बायको. काय होतंय? काहीच होत नाहीये. म्हणजे, बोलत नाहीये. हसताय काय हो तुम्ही?"

सूनबाई आठपर्यंत आली होती. "अरे, मला काही झालेलं नाही," हे वाक्य ओठांवर तयार होतं. आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"ती..."

सगळे वळले.

"बाबा, पाणी हवंय?" नणंद धावली.

"खिडकी लावू का त्यांच्यासाठी?" आईने विचारलं.

"बाथरूमला जायचंय का, बाबा?" नवऱ्याने फोनवर हात ठेवला.

बाबांनी नकाराची मान हलवली. डावा हात दांडीवरून उचलून सूनबाईकडे दाखवला. "ती..."

सूनबाईला सगळं कळलं. बाबा त्या दिवशी मॅडमच्या दवाखान्यात शेजारीच बसले होते. या घरात तिच्याशिवाय हे माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो आता तिच्या वतीने बोलायला निघाला होता. तिने तोंड उघडलं असतं तर तीन सेकंदांत सुटका झाली असती. अॅम्ब्युलन्स रद्द, आईचे डोळे कोरडे. पण मग बाबांचं वाक्य गेलं असतं, आधीच्या सगळ्या वाक्यांच्या मागोमाग.

तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

"आता उलटी होतेय तिला!" नणंद किंचाळली.

सूनबाईने दुसरा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कसे कोण जाणे, ते थांबले. नवऱ्याच्या फोनमधून "पत्ता सांगा, साहेब, पत्ता" एवढंच ऐकू येत होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला. शब्द येतोय, अडतोय, पुन्हा येतोय, हे त्यांच्या गळ्याकडे पाहून कळत होतं. सूनबाईचे दहा झाले. तिने पुन्हा दहा मोजले. शब्द तिला माहीत होता आणि तो तिच्या तोंडात गरम बटाट्यासारखा फिरत होता.

"ती... दहा... मोजतेय," बाबा म्हणाले.

सूनबाईचे डोळे भरून आले. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी दम घेतला आणि ज्या आवाजात ते पूर्वी गिऱ्हाइकाला घड्याळाचा दोष सांगत, त्या आवाजात म्हणाले, "पण... फार... भरभर."

डाव्या हाताची बोटं पुन्हा दांडीवर हलायला लागली. टक. टक. टक. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर, एकाही ठोक्याचा फरक न करता. चार दिवस ती ज्याला थरथर समजून वहीत लिहीत होती, तो बाबांचा हिशेब होता. तिच्या दहा आकड्यांत त्यांचे चार ठोकेसुद्धा पुरे होत नव्हते.

"कसले दहा?" नवरा म्हणाला. "कुणी मला सांगेल का?"

"अरे, मी सांगते!" सूनबाईने तोंड उघडलं. चार दिवसांचं साठलेलं एकदम दाराशी आलं होतं.

बाबांनी एक बोट वर केलं. टक.

सूनबाईने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने खरी दहा सेकंदं मोजली. ती फारच लांब निघाली. तेवढ्यात नवऱ्याने अॅम्ब्युलन्स रद्द केली, आईने डोळे पुसले, बबडी "एक, दोन, पाच" म्हणून मोकळी झाली आणि तरी तीन सेकंदं उरली.

"बोल," बाबा म्हणाले.

"मला..." सूनबाई म्हणाली आणि थांबली. काय सांगायचं होतं, तेच तिला आठवेना.

"पाणी?" आईने विचारलं.

"चक्कर येतेय का, वहिनी?" नणंद पुढे झाली.

"रविवारबद्दल आहे का?" नवऱ्याने विचारलं.

बाबांचा डावा हात वर गेला.