शेऱ्याच्या रकान्यातली हजेरी

ज्या संस्थेला मालक असतो तिच्यात माणसं चुका करतात. ज्या संस्थेला मालक नसतो तिच्यात चुका नुसत्या घडतात. आमचं चंदीगड-मोहालीकडचं त्रिनगरी मराठी स्नेहमंडळ दुसऱ्या प्रकारात मोडतं आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

पूर्वी आम्हाला खजिनदार असे. पण चंदीगडात मराठी माणूस येतो तोच मुळी बदलीवर, आणि खजिनदार झाला की त्याची पुढची बदली ठरलेलीच. मंडळाची एक वही अशी गुवाहाटीला गेली, दुसरी भुवनेश्वरला. तिसरी रद्दीत गेली (त्या खजिनदाराची बदली झालेली नव्हती, पण नियम म्हणजे नियम). तेव्हा मोहालीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारा आमचा सिद्धांत म्हणाला, "काका, वही एकाच्याच घरी ठेवताच कशाला? सगळ्यांच्या घरी ठेवू ना!"

अशा रीतीने मंडळाचं स्वतःचं आभासी चलन निघालं. नाव 'डबा'. सुट्टीत गावी गेलेल्याने येताना दुसऱ्यासाठी पाव किलो गोडा मसाला आणला की त्याच्या नावावर एक डबा जमा. एका डब्याचे शंभर चमचे. एकेचाळीस घरांत एकेक जुना लॅपटॉप अखंड चालू असतो, त्याला नोड म्हणायचं. कुणीही फोनवरून नोंद केली की ती दोनचार नोडांकडे जाते, ते तपासून पुढच्या घरांकडे ढकलतात, आणि तासाभरात ती सगळ्यांच्या वहीत कायमची चढते. खोडायची सोय नाही. अध्यक्ष नाही, सचिव नाही. जबाबदारी सर्वांवर सारखी वाटलेली असल्यामुळे तिचा भार कुणावरच पडत नाही.

घात केला तो शेऱ्याच्या रकान्याने. प्रत्येक नोंदीपुढे ऐंशी अक्षरांचा शेरा लिहायची मुभा आहे. "मसाला सादळलेला निघाला" एवढं लिहिता यावं, इतकाच हेतू. पण मराठी माणसाला रिकामा रकाना दिसला आणि त्याने तो सोडला, असं आजवर झालेलं नाही. फेब्रुवारी महिन्यात एकूण नोंदी झाल्या १३१२. पैकी मसाल्याच्या ८७. शुभ सकाळ, सोबत अक्षरांनी काढलेलं फूल, ६११. झिरकपूरचे फ्लॅट २१४ ("विमानतळापासून फक्त पाच मिनिटं", ही पाच मिनिटं पहाटे साडेतीनला मोजलेली असावीत). लग्नाची स्थळं ४६. नामदेवराव घाटपांडे यांचं आत्मचरित्र, ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या हप्त्यांत, ३२६ (ते सध्या इयत्ता तिसरीत आहेत). आणि उरलेल्या २८ नोंदी एकाच माणसाच्या, रोज सकाळी सहा वाजता, स्वतःच स्वतःला एक चमचा पाठवून केलेल्या: "हजर आहे. वि. खांबेटे."

विश्वनाथ खांबेटे हे केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. बायको गेल्यावर मनीमाजऱ्यात एकटेच राहतात. चौतीस वर्षं मस्टरवर सही केलेला माणूस. निवृत्तीनंतर सही करायला जागा उरली नाही, ती त्यांना या रकान्यात सापडली. त्यांच्या मागच्या गल्लीत आमच्या उर्मिलाताई राहतात. त्यांच्याकडे नोड नाही, त्या रोज चहा घेताना फोनवर वही उघडत. 'हजर आहे' दिसलं की दुसरा घोट. दहापर्यंत दिसलं नाही तर जाऊन दार वाजवायचं, असं दोघांचं ठरलेलं. दोन वर्षांत वाजवायची वेळ आली एकदा. तेव्हा आजोबांच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं.

मार्चच्या तोंडावर लॅपटॉप भरत आले, नि कचऱ्याच्या प्रश्नावर बैठक भरली (बोलावली कुणीच नव्हती, ती भरली). अर्धी मंडळी झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे पहिला तास एकमताने पार पडला. मग तट पडले.

सिद्धांत शुद्धिवाद्यांचा. "वही मसाल्यासाठी आहे, यार! माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्यांची फुलं मी का साठवू?"

सुमेधाताई मुक्तिवाद्यांच्या. त्या सरकारी बँकेत अधिकारी असल्यामुळे त्यांना स्वातंत्र्याची ओढ अंमळ जास्त. "नोंदीचा चमचा पाठवला ना? मग विषय संपला. आज फूल अडवाल, उद्या माणूस अडवाल! कचरा कोणता ते ठरवणार कोण?"

"मी ठरवतो की," नामदेवराव म्हणाले. त्यांना गप्प बसवण्यात आलं.

तीन तासांनी सिद्धांतने तोडगा काढला. कुणावर सक्ती नाही. फिल्टर ज्याचा त्याने आपापल्या नोडवर लावायचा. एकाच माणसाचा तोच शेरा तिसऱ्यांदा आला तर तो कचरा. आपल्या घरून पुढे ढकलायचा नाही. बस्स.

"अरे, पण खांबेट्यांच्या हजेरीचं काय?" उर्मिलाताईंनी विचारलं. "ती तर रोज तीच असते."

"काकू, एक जरी घर उघडं राहिलं ना, तरी नोंद वाट काढत पोचतेच. नेटवर्कची गंमतच ती आहे. एकेचाळिसातलं एक तर राहीलच, पक्का!"

हा मुद्दा सर्वांना पटला. इतका, की सुमेधाताईंनीही टाळी दिली.

एक मार्चपासून फिल्टर लागू झाला आणि त्याचं यश डोळ्यांत भरण्यासारखं होतं. शुभ सकाळवाले रोज फूल बदलू लागले, त्यामुळे ते सुटले. फ्लॅटवाल्यांचे भाव तसेही रोज बदलतात, तेही सुटले. आत्मचरित्रात तर पुनरुक्ती नव्हतीच, नामदेवराव निर्वेधपणे चौथीत गेले. फिल्टरने अडवलेली व्यक्ती संपूर्ण त्रिनगरीत एक. अचूकतेचं असं उदाहरण विरळा.

पहिल्या दिवशी वहीत 'हजर आहे' दिसलं नाही. उर्मिलाताई धावत गेल्या. खांबेट्यांनी दात घासता घासता दार उघडलं.

"मी लिहिलंय, सहा वाजता!"

"अहो, उमटत नाहीये ते. तुम्ही असं करा, रोज थोडं वेगळं लिहा. 'हजर आहे, आज ऊन आहे' असं काहीतरी."

"हजेरीत हवामान लिहीत नसतात," खांबेटे म्हणाले. "मसुदा एकदा ठरला की ठरला."

उर्मिलाताईंनी मग नोडवाल्यांना फोन लावले. प्रत्येकाने सांगितलं की बाकीची घरं उघडी असणार, दिसेल उद्या. उर्मिलाताई पाच दिवस दार वाजवत राहिल्या. सहाव्या दिवशी खांबेटेच वैतागले. "रोज काय दार वाजवता? मी काय पळून चाललोय? तुमच्या नोडवाल्यांना विचारा!" मग उर्मिलाताईंनी जायचं थांबवलं. वहीत नाव नाही म्हणजे फिल्टर, हे आता त्यांनाही पाठ झालं होतं.

बारा मार्चलाही वहीत नाव नव्हतं. त्या दिवशी ते फिल्टरमुळे नव्हतं. खांबेटे पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि फोन बाहेर टेबलावर होता. सव्वीस तास ते तिथल्या फरशीवर पडून होते. शेवटी शोध लावला दूधवाल्याने. त्याच्याकडे नोड नाही, फिल्टरही नाही. दाराच्या कडीला अडकवलेली आदल्या दिवशीची दुधाची पिशवी तशीच पाहून तो उर्मिलाताईंकडे गेला आणि म्हणाला, "बीबीजी, कल दी थैली वी उत्थे ही टंगी ए."

खांबेटे वाचले. आम्ही सगळे इस्पितळात भेटायला गेलो (एकेचाळीस जण, नर्सने चौघांनाच आत सोडलं, तिच्याकडे फिल्टर आहे). आजोबांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "ते दोन दिवस कोणत्या रजेत मांडायचे हो?"

बाहेर उर्मिलाताई भिंतीला टेकून रडत होत्या. सिद्धांत त्यांना समजवायला गेला की तांत्रिकदृष्ट्या नेटवर्क व्यवस्थितच चाललं होतं. त्या ताडकन उसळल्या. "मेल्यांनो, एकेचाळीस घरं तुमची! एक दार उघडं ठेवता येईना तुम्हाला? आणि मी! मला तरी काय झालं होतं बारा पावलं चालून जायला?" मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. (ती कोणत्या रकान्यात लिहायची, हे अद्याप ठरलेलं नाही.)

मंडळात चौकशी करायला अधिकारी नसल्याने ती मीच केली, खाजगीत, घरोघर जाऊन. निष्कर्ष पुढीलप्रमाणे. फिल्टर लावलेली घरं: एकेचाळीस. 'दुसऱ्या कुणाचं तरी घर उघडं असेल असं वाटलं' म्हणणारी घरं: एकेचाळीस. सुमेधाताई म्हणाल्या, "मी तत्त्वतः आजही विरोधातच आहे, पण लॅपटॉप फार गरम व्हायला लागला होता हो." सिद्धांतला मुक्तिवाद्यांची खात्री होती. नामदेवरावांना सिद्धांतच्या आळसाची. एकेचाळिसावं घर माझं. मला बाकी सगळ्यांची खात्री होती.

फिल्टर काढण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. सक्ती अर्थातच नाही. एका घराने काढला तरी भागतं. आता हे वाचताना, वाचकहो, तुम्ही मनात म्हणालातच की मी असतो तर माझं घर नक्की उघडं ठेवलं असतं. तुमच्याकडे पाहून आम्हालाही तसंच वाटतं. म्हणून आम्ही आमचे फिल्टर तूर्त काढलेले नाहीत.