भट्टीचे चंपालालजी

आमच्या गल्लीत कोणी आजारी पडलं की चंपालालजी भेटायला जाताना दोन गोष्टी नेतात. एक पिशवीभर मोसंबी आणि दुसरा मोबाइल. मोसंबी उशाशी ठेवतात, मोबाइल पेशंटच्या कानाशी धरतात आणि सांगतात, "डोळे मिटा. आपल्या जालन्याची भट्टी ऐका." माझं ऑपरेशन झालं तेव्हा मीही ऐकली. टाके दुखेपर्यंत ऐकली.

भट्टी हा आमच्याकडच्या चार जणांचा रॉक बँड. गिटारी अशा वाजतात की खिडकीची तावदानं थरथरतात. ड्रमवर वसीम असतो. तो आठवडाभर रोलिंग मिलमध्ये लोखंडाचा आवाज ऐकतो आणि रविवारी स्वतः काढतो. गाते रोहिणी. ती शहागडची, इथं नर्सिंग शिकायला राहते. चंपालालजींच्या घरामागच्या रिकाम्या गोदामात त्यांचा सराव चालतो.

बँडच्या नावानं मात्र घोटाळे होतात. एकदा चंपालालजींचे व्याही परगावाहून आले. दाराला कुलूप पाहून माझ्याकडं चौकशीला आले. मी सहज सांगितलं, "ते दर रविवारी दुपारी भट्टीवरच असतात." ज्या घरात कांदासुद्धा येत नाही, त्या घरात त्यांनी मुलगी दिलेली. बिचारे ओट्यावरच बसले. त्यांना पाणी देऊन सगळं समजावेपर्यंत माझा चहा गार झाला.

चंपालालजी सत्तरीच्या पुढचे. पणजोबा राजस्थानातून आले, पण यांची बोली माझ्यापेक्षा जास्त जालन्याची. उभा जन्म पाण्याच्या मोटारी विकण्यात गेला, त्यामुळे गाणंही त्यांना त्याच हिशेबानं कळतं. मी एकदा विचारलं, "एवढा दणदणाट कशाला लागतो हो?"

"मॅडम, मोटार गरजणारच," ते म्हणाले. "पण नुसती गरजून राह्यली आन पाणीच न्हाई आलं, तर काय उपयोग? या पोरांची मोटार गरजती, मंग रोहिणी गाती. तिथं पाणी येतं. बिलकुल गोड पाणी."

मोठमोठ्या समीक्षकांना मेटलचा गडगडाट आणि सोल गाण्यातली आर्तता यांचा मेळ समजावायला पानंच्या पानं लागत असतील. चंपालालजींचं एवढ्यात भागलं.

सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत, आणि जेवणाआधी गाणं झालंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. म्हणून भट्टीचा सराव भर दुपारी चारला. ते पहिल्या खुर्चीत ताठ बसतात. गाणं जमलं की हळूच "बराबर" म्हणतात. बिघडलं की टोपी काढून मांडीवर ठेवतात. टोपी निघाली की वसीम आपणहून थांबतो.

गेल्या फेब्रुवारीत मात्र प्रकरण पेटलं. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि गल्लीची बैठक भरली. देशमुखकाका निवृत्त तहसील कचेरीवाले, त्यामुळे अध्यक्षपद आपोआप त्यांच्याकडं. ते म्हणाले, "शेठजी, गोदाम तुमचं हे कबूल. पण आवाज समद्यांच्या घरात येऊन राह्यलाय. ही पोरं दुसरीकडं जाऊ द्या."

दुसरीकडं जागा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. गोदाम गेलं असतं तर बँड मोडला असता. रोहिणी दाराशी उभी राहून ऐकत होती.

चंपालालजी भांडले नाहीत. "परीक्षा संपेपर्यंत बंद ठेवतो," ते म्हणाले. "पण त्यानंतर एक रविवार समद्यांनी खुर्चीवर बसून ऐका. भिंतीपलीकडून न्हाई. मंग देशमुखसाहेब सांगतील तसं."

ते अडीच महिने त्यांनी कसे काढले कोण जाणे. रविवारी चार वाजता गोदामाचं दार उघडायचे, झाडून घ्यायचे आणि पुन्हा लावायचे.

मे महिन्यातल्या रविवारी सगळी गल्ली गोदामात जमली. मोसंबीचा रस फिरला. पहिल्याच ठोक्याला देशमुखकाकांच्या हातातला पेला हिंदकळला आणि त्यांनी चंपालालजींकडं अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, संपलं सगळं. मग गिटारी एकदम खाली आल्या आणि रोहिणीनं सूर धरला. गाणं तिचं स्वतःचं होतं. आई ऊसतोडीला अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं जायची, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकमध्ये तिला शोधणाऱ्या मुलीचं. रोहिणी ओरडली नाही. खोल, जाड, ओल्या आवाजात ती आईला हाका मारत राहिली आणि ड्रम मागून हळूहळू चढत गेले. शेवटी दोन्ही आवाज एकत्र असे उसळले की माझ्या अंगावर काटा आला.

टाळ्यांच्या आधीच देशमुखकाकू म्हणाल्या, "पोरी, ते आईचं आणखी एकदा म्हण गं."

काकांनी हातातला पेला खाली ठेवला. "रविवार चार ते सहा," ते म्हणाले. "दारं लावून."

खुर्च्या आवरताना मी चंपालालजींना विचारलं, "तुम्हाला या गाण्याचं वेड लागलं तरी कधी?"

"मला?" ते हसले. "मॅडम, माझं तर पहिलं वर्षभर डोकं दुखायचं."

मग खुर्चीवर टेकून त्यांनी सांगितलं. मी या गल्लीत येण्याआधीची गोष्ट. त्यांच्या पत्नीला, कमलाबाईंना, लकवा झाला होता. वाचा गेली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, पण त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. काही मागायच्या नाहीत. तेव्हा या पोरांनी शेजारच्या शेडमध्ये वाजवायला नुकती सुरुवात केली होती.

"मी बंद करायला गेल्तो," चंपालालजी म्हणाले. "लई रागावलो. पोरं घाबरून गप झाली. घरी आलो, तर कमला माझ्याकडं तोंड करून पाहून राह्यली. चांगला हात उचलला आन शेडकडं बोट केलं. मला समजंना. तिनं पलंगाच्या पट्टीवर बोटं वाजवली. ठक ठक ठक. लकव्यानंतर पहिल्यांदा तिनं मला काही मागितलं."

"मग?"

"मंग काय, जल्दी परत गेलो. म्हटलं, बाळांनो, चूक झाली, वाजवा. आन गोदामाची चावी देऊन टाकली. जवळून ऐकू यावं म्हणून. ती जाईपर्यंत दर रविवारी तिची बोटं चालायची. आता माझी चालतात. डोकं कधी दुखायचं राहिलं, ध्यानातच आलं न्हाई."

तेवढ्यात रोहिणी आली. अंकुशनगरच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या तरुणांनी त्यांना कार्यक्रमाला बोलावलं होतं, जालन्याबाहेर पहिल्यांदाच. "बाबूजी, तुम्ही येणार ना?"

"माझं तिथं काय काम?"

"तुम्ही न्हाई आलात तर गाताना बघू कुणाकडं?"

चंपालालजींनी चष्मा काढला, उपरण्यानं बराच वेळ पुसला, पुन्हा लावला.

"टेम्पोत पुढं बसवणार असाल तर येतो," ते म्हणाले. "मागं माझी कंबर धरती."