लिफ्टचा ठराव

लोकशाहीचा पाया भाषा आहे, ब्रिटनमध्ये ती भाषा इंग्रजी आहे, आणि ज्याला ती येत नाही त्याला मत देण्याचा नैतिक अधिकार नाही, असं डॉ. जयंत आठल्ये यांचं ठाम म्हणणं होतं. हे ते रोज सकाळी चहाच्या वेळी मराठीत मांडत. घरात ऐकायला एकच माणूस होतं, आणि डॉक्टर इंग्रजीत सुरू झाले की ते माणूस कानातलं यंत्र काढून बशीत ठेवत असे.

डॉक्टर लेस्टरच्या एका हॉस्पिटलात तेहतीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. त्यांचं इंग्रजी ऐकणारी बहुतेक माणसं अर्ध्या मिनिटात झोपत, त्यामुळे त्या भाषेबद्दल कुणाची तक्रार आल्याची नोंद नव्हती. निवृत्तीनंतर ते पत्नी मीनाक्षीबाईंना घेऊन ज्येष्ठांसाठीच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले आणि दोन महिन्यांत तिथल्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी झाले. तोवर तिथे सूचक, अनुमोदक, मागील सभेचं इतिवृत्त असलं काही नव्हतं. लोक महिन्यातून एकदा जमून चहा पीत आणि आपापल्या घरी जात. डॉक्टरांनी ही अनागोंदी संपवली.

जानेवारीत मीनाक्षीबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. परत आणताना ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं, कारण लिफ्ट बंद होती. ती बंदच राहिली. बहात्तर पायऱ्या होत्या. बाईंना वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाता येई. रोज चार वाजता तळमजल्यावरच्या कॉमन रूममध्ये रमीलाबेन आणि त्यांच्या दहा गुजराती मैत्रिणी जमत, त्यांच्यात बारावी खुर्ची मीनाक्षीबाईंची असे. आता अकरा आठवडे चार वाजले की त्या खिडकीशी बसत आणि पार्किंग बघत.

मार्चमध्ये इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. नवी लिफ्ट बसवायची आहे; त्यासाठी चौदा आठवडे कॉमन रूम बंद ठेवून तिथे सामान ठेवावं लागेल; रहिवाशांनी आपलं म्हणणं कळवावं.

"मग बसवू दे की त्यांना," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"अशी कशी बसवू दे? सभा नको? ठराव नको?"

डॉक्टरांनी हिशेब मांडला. फ्लॅट बावीस, दर फ्लॅटला एक मत. खालचे अकरा फ्लॅट रमीलाबेनच्या मंडळाचे. कॉमन रूम सोडायला त्या तयार होणार नाहीत. वरचे अकरा लिफ्टच्या बाजूचे. बरोबरी झाली की सेक्रेटरीचं निर्णायक मत. सगळं जमून आलं होतं, तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधले कमलाकर मुजुमदार वारले. त्या हिवाळ्यात चौथ्या मजल्यावरून फारसं कुणी खाली उतरलं नव्हतं. कमलाकर उतरले. चौघांनी त्यांना आडवं धरून नेलं आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर थोडं उभं केलं. डॉक्टरांनी दारात हात जोडले, आत येऊन आकडा दुरुस्त केला. अकरा विरुद्ध दहा.

"अहो, एवढं काय करत बसलाय? खाली जा आणि रमीलाबेनला सांगा, मीनाक्षीला खाली यायचंय, लिफ्ट हवीय. ती सगळ्यांना सांगेल."

"हा वैयक्तिक प्रचार झाला. आणि तूसुद्धा फोनवर तिच्याशी काय ते बोल, पण लिफ्टचा विषय काढायचा नाही. सेक्रेटरीच्या बायकोनं प्रचार केला म्हणतील. आचारसंहिता आहे."

"कुणी लावली?"

"मी."

"ती रोज विचारते, कधी येतेस म्हणून. काय सांगू?"

"सांग, डॉक्टर अजून नको म्हणतात."

हे अक्षरशः खरं होतं, म्हणून मीनाक्षीबाईंनी तसं सांगितलं.

अकरातले दोन-चार कसे कमी करावेत याचा विचार करताना डॉक्टरांना आपलं तत्त्व आठवलं. त्या अकरा बायकांना इंग्रजी येत नव्हतं. पुढच्या सभेत त्यांनी ठराव आणला, की इंग्रजीची चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यालाच मत देता येईल. ठराव इंग्रजीत होता. रमीलाबेननी शेजारी पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पॉलीनबाई, निवृत्त शिक्षिका, उत्साहाने हात वर करून बसल्या होत्या. म्हणून रमीलाबेननीही केला, म्हणून बाकी दहाजणींनीही केला. ज्यांचं मत जाणार होतं त्यांनी ते एकमताने घालवलं.

सभा संपल्यावर रमीलाबेननी डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टरसाब, मीनाबेन कब आएगी नीचे? उसकी कुर्सी खाली रखी है हमने."

"इंग्लिश प्लीज, रमीलाबेन," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं हिंदी उत्तम होतं.

अडचण पॉलीनबाईंनी आणली. त्यांनी हात वर केला होता तो शिकवायला मिळेल म्हणून. "जयंत, किती सुंदर कल्पना! रोज चार ते सहा मी त्यांचा वर्ग घेते. अभ्यासाला काय देऊ?"

"कंपनीचं ते पत्र द्या," डॉक्टर म्हणाले. "चाचणीत एकच प्रश्न असेल. कंपनीला आपलं म्हणणं कळवणारं पाच वाक्यांचं पत्र लिहा. दहापैकी पाचला पास." तीन आठवड्यांत सत्तरीच्या बायका पाच वाक्यं लिहितील हे त्यांना शक्य वाटलं नाही.

दुसरी अडचण तिसऱ्या मजल्यावरच्या कीथची. तो चाळीस वर्षं ट्रक चालवून आता गुडघे धरून बसला होता आणि लिफ्टसाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होता. ठराव झाला त्या दिवशी तो फुटबॉलची मॅच बघायला गेला होता.

"मी? इंग्रजीची परीक्षा? तुझ्याकडे?"

"नियम सगळ्यांना सारखा, कीथ. पाचच वाक्यं आहेत."

कीथने जागच्या जागी दोन वाक्यं ऐकवली. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष होती, पण इतिवृत्तात घेण्यासारखी नव्हती. तो चाचणीला बसला नाही. त्याला पाठिंबा म्हणून त्याच मजल्यावरचे आणखी दोघे बसले नाहीत. लिफ्टची मतं सातावर आली.

"म्हणजे तुमचीच तीन गेली?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते."

"हो, पण ती चौथ्या मजल्यावर का मोजावी लागते?"

डॉक्टरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकू न येण्याचं यंत्र त्यांना लागत नसे.

वरच्या सातांची चाचणी आदल्या दिवशीच उरकली होती. खालच्यांच्या दिवशी अकराही जणी स्वेटरवर ठेवणीतले दागिने घालून आल्या. कुणी चष्मा विसरली, कुणी देवाचं नाव घेतलं. अर्ध्या तासाने डॉक्टर अकरा कागद घेऊन वर आले आणि लाल पेन काढून बसले. कोण काय म्हणतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते भाषा तपासत होते. स्पेलिंग, विरामचिन्हं, समास सोडला आहे की नाही. त्यांना त्या अकराजणींना नापास करायचं होतं, पण तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाला खोटा रिपोर्ट दिला नव्हता, आणि आता तरी कसा देणार? सहा, सात, सात. रमीलाबेनच्या कागदापाशी ते थांबले, दोनदा तपासला, आणि नाइलाजाने नऊ दिले.

"नापास किती?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"एकही नाही. पॉलीन उत्तम शिकवते."

त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं. मीनाक्षीबाई वॉकर धरून उठल्या आणि आत जाऊन पडल्या.

तपासलेले कागद परत मिळताच पॉलीनबाईंनी त्या पत्रांच्या सुवाच्य प्रती काढून घेतल्या आणि स्वतःच्या खर्चाने पोस्टात टाकल्या. भाषा खऱ्या कामाला वापरल्याशिवाय येत नाही, असं त्यांचं शिक्षिका म्हणून मत होतं.

मतदान शांततेत पार पडलं. सात विरुद्ध अकरा, लिफ्टचा ठराव फेटाळला. डॉक्टरांनी निकाल जाहीर केला, नियमाप्रमाणे सर्वांचे आभार मानले, इतिवृत्त कंपनीला पाठवलं आणि बहात्तर पायऱ्या चढून घरी आले.

दहाएक दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. डॉक्टर ते उभ्याउभ्या वाचू लागले आणि मग बसले.

"काय म्हणतात?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"मुदतीत अकरा लेखी हरकती आल्या, त्यामुळे काम पुढे ढकललंय. पुढच्या वर्षी एप्रिलनंतर बघू म्हणतात." ते थांबले. "सोबत एक हरकत नमुन्यादाखल जोडलीय."

"कुणाची?"

"रमीलाबेनची."

"वाचा ना. मराठीत वाचा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि मराठीत वाचलं. "माझी मैत्रीण चौथ्या मजल्यावर आजारी आहे. फोनवर ती म्हणते, डॉक्टरांनी हो म्हटलं की येते. ती येईल तेव्हा आमची खोली बंद असली तर ती बसेल कुठे? लिफ्टची आम्हाला घाई नाही. कृपया खोली बंद करू नका."

मीनाक्षीबाईंनी खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहिलं. एक बस वळून गेली.

"ह्याला तुम्ही नऊ दिलेत?"

"हो."

"एक का कापला?"

"तारीख घातली नव्हती."

मुदत कोणती होती ते बघायला डॉक्टरांनी मार्चमधलं पत्र फाइलमधून काढलं आणि पहिल्यांदाच उलटून पाहिलं. मागच्या बाजूला कंपनीने लिहिलं होतं, की या कामासाठी मतदानाची तरतूद नाही, आणि मुदतीत कुणाचीही लेखी हरकत न आल्यास नव्या लिफ्टचं काम मंगळवार, सहा मे रोजी सकाळी आठ वाजता सुरू होईल.

त्या दिवशी मंगळवार होता, सहा मे, आणि साडेदहा वाजले होते.