परितोषबाबूंचा लंबक

मुलगा कसा आहे हे ओळखायला पत्रिका लागत नाही, चौकशी लागत नाही; एक हूक, एक दोरी आणि पाच किलोचं वजन एवढं पुरतं, असं परितोष नंदींचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बंगालातल्या चुंचुडा गावच्या बाजारात, केस कापायच्या दुकानात आणि गंगेच्या घाटावर इतक्या वेळा ऐकवलं होतं की मासेवाल्यांनासुद्धा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाठ झाला होता!

सारा जन्म त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. नोकरी संपली, पण परीक्षा घ्यायची खोड काही संपेना. समोर विद्यार्थी उरले नाहीत म्हटल्यावर त्यांनी मोर्चा वळवला लेकीला बघायला येणाऱ्या मुलांकडे.

परीक्षा साधी होती. बैठकीच्या खोलीतला पंखा त्यांनी उतरवून ठेवला होता आणि त्या हुकाला दोरीनं लोखंडी वजन टांगलं होतं. घरातली माणसं घामानं निथळायची, पण विज्ञानापुढे घामाचं काय एवढं! मुलानं ते वजन दोन्ही हातांनी ओढून आपल्या नाकाला टेकवायचं आणि सोडून द्यायचं. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. वजन खोलीच्या त्या टोकाला जाणार आणि परत नाकाशी येणार. पण जिथून सोडलं त्याच्या पुढे तसूभरही येणार नाही! ज्याला हे मनापासून समजलंय तो जागचा हलणार नाही. ज्यानं नुसतं घोकलंय तो पळेल.

आजवर सगळे पळाले होते. एक चार्टर्ड अकाउंटंट तर चपला इथंच टाकून पळाला. त्या चपला घालून परितोषबाबू अजून बाजारात जात.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. येणारा मुलगा, दीपायन कुंडू, हा त्यांची लेक पियाली शिकवायची त्याच शाळेत इतिहास शिकवणारा होता आणि पियालीनं तो स्वतः निवडला होता.

"बाबा, हाही पळाला तर मी जन्मात पुन्हा कुणासमोर चहाचा ट्रे घेऊन येणार नाही. सांगून ठेवते!" पियाली म्हणाली.

"पळेल कशाला? समजलं असेल तर उभा राहील."

"इतिहासवाला आहे तो!"

"पृथ्वी इतिहासवाल्यांना वेगळी ओढते का?" परितोषबाबूंनी विचारलं.

लेकीनं आणि बायकोनं एकमेकींकडे बघितलं. सुलेखादेवी संसाराच्या लढाईत मुरलेल्या होत्या. दुपारी नवऱ्याचा डोळा लागताच त्यांनी वजन उतरवलं आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून टाकलं. बापाची परीक्षा रद्द झाली असं समजून दोघी निवांत लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, लाटायला बसल्या. इथंच त्यांचं चुकलं, कारण वजन गेलं म्हणून परितोषबाबू परीक्षा सोडतील असं समजणं म्हणजे भांडं नाही म्हणून बंगाली माणूस मासा सोडील असं समजण्यातला प्रकार!

संध्याकाळी पाहुणे आले. दीपायन इस्त्रीच्या पंजाबी झब्ब्यात अवघडून चालत होता. पुढे त्याचे मामा, हाराधन मोदक. लहानपणी बाप गेल्यावर मामांनीच त्याला वाढवलं होतं, तेव्हा सोयरीक जुळायची की मोडायची ते मामांच्या हातात. मिठाईचं पिढीजात दुकान, आवाज दुकानाएवढाच मोठा आणि हातात गळ्याला दोरी बांधलेली ही एवढी मातीची हांडी!

"मास्टरमशाय, आजचे ताजे रसगुल्ले! माझ्या देखरेखीखाली झालेत. हांडी जपून ठेवा, लेकरासारखी आणलीय रिक्षातून," मामा म्हणाले.

परितोषबाबूंनी हांडी घेतली, हातात तोलली आणि खाली ठेवून लगेच परीक्षा घ्यायला बसले.

"समजा, एक पीस आणि एक लोखंडी गोळा—"

"निर्वात पोकळीत एकदमच पडतील!" दीपायन म्हणाला.

"बरं. समजा, तू धावत्या बसमध्ये उभा आहेस आणि ड्रायव्हरनं—"

"जडत्व!"

"अरे, पण ड्रायव्हरनं काय केलं ते तर सांगू दे!"

"काहीही करू दे, मास्टरमशाय. जडत्वच!"

परितोषबाबूंनी वळून पियालीकडे बघितलं. पियाली छताकडे बघत होती. महिनाभर शाळा सुटल्यावर घाटावर बसून ती याला काय शिकवत होती ते बापाच्या लख्ख ध्यानात आलं.

"हे पाठांतर आहे! मला पोपट नको, जावई पाहिजे. ऊठ! आपण प्रत्यक्ष बघू," ते गरजले आणि वर बघतात तो हूक रिकामा!

"वजन कुठंय?"

"कोणतं वजन?" सुलेखादेवींनी इतक्या भोळेपणानं विचारलं की क्षणभर त्यांनाच आपलं खरं वाटलं.

परितोषबाबूंनी वाद घातला नाही. खोलीभर नजर फिरवली आणि ती नजर हांडीवर येऊन थांबली. वजन? भरपूर. दोरी? बांधलेलीच! निसर्गालाच ही परीक्षा व्हायला हवी होती, असं त्यांना मनापासून वाटलं. कपडे वाळत घालायची दोरी आणून, स्टुलावर चढून त्यांनी हांडी हुकाला टांगलीसुद्धा.

"अहो, अहो! त्यात रसगुल्ले आहेत!" मामा किंचाळले.

"घाबरू नका. ऊर्जेचा नियम आहे. रसगुल्ल्याला धक्का लागणार नाही."

"नियम माझ्या दुकानात येऊन सांगा! आधी हांडी उतरवा!"

पण दीपायन उठला. एकदा पियालीकडे बघून घेतलं आणि मुकाट्यानं सांगितलेल्या जागी जाऊन उभा राहिला. कापराच्या तुकड्यासारखा पांढरा पडला होता बिचारा! त्यानं हांडी ओढली, नाकाला टेकवली.

"डोळे उघडे. पापणी लवली तर नापास," शेजारी उभं राहून परितोषबाबू त्याच्या डोळ्यांत बघत होते. "सोड!"

त्यानं सोडली. हांडी झोकात खिडकीकडे गेली. मामांनी डोळे मिटून कालीमातेचा धावा सुरू केला. आणि नेमकी त्याच वेळी आतल्या दारातून पूजा आटोपून पिशीमा बाहेर आल्या. परितोषबाबूंची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा.

"कुठं आहे मुलगा?"

आता बंगालमधल्या नीट वळण लावलेल्या मुलाला असं वडीलधारं माणूस दिसलं की पुढचं काही त्याच्या हातात राहत नाही! कंबर आपली आपण वाकते. दीपायन गर्रकन वळला आणि थेट पिशीमांच्या पायांवर झुकला.

"जागा सोडली! नापास! अरे, भ्यायचं काय त्यात? हे बघ, असं उभं राहायचं!" परितोषबाबू ओरडले आणि त्याच्या जागेवर जाऊन छाती काढून उभे राहिले.

अगदी त्याच्या जागेवर नव्हे. त्वेषात वीतभर पुढे.

हांडी नियमाप्रमाणे परत आली.

आवाज फार मोठा झाला नाही. मऊसा एक फट्ट, मग खापऱ्यांचा खळखळाट आणि मग बराच वेळ नुसती ठिबक ठिबक. परितोषबाबू तसेच छाती काढून उभे होते. चष्म्याच्या एका काचेवर रसगुल्ला बसला होता, दुसरा पंजाबीच्या गळ्यातून आत उतरला होता, आणि कपाळावर टेंगूळ उगवत होतं.

"आई गं!" सुलेखादेवी धावल्या.

"ऊठ, दीपू!" मामा गरजले. "ज्या घरात रसगुल्ल्यांना फाशी देतात तिथं सोयरीक नाही! चल!"

"मामा, एक मिनिट—"

"एक शब्द बोलू नकोस! मास्टरमशाय, पिढ्यान् पिढ्या रसगुल्ला करतो आम्ही. तुमच्या शास्त्राला काय कळणार त्यातलं?"

पियालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बापानं ते बघितलं, एकाच काचेतून, पण बघितलं. आजवर इतके पळाले तेव्हा त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं. मामांना थांबवायला हवं होतं, आणि माफी कशी मागतात ते परितोषबाबूंना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती.

"पाक जाड झालाय," ते म्हणाले.

दाराशी पोचलेले मामा थबकले.

"बाबा!" पियालीनं कपाळाला हात लावला.

"काय म्हणालात?" मामांनी हळू आवाजात विचारलं.

"पाक जाड झालाय तुमचा."

"न चाखता?"

"चाखायचं कशाला? कपाळावरून निघालेला थेंब अजून नाकाच्या शेंड्याला पोचला नाही! पातळ असता तर एव्हाना हनुवटीवरून खाली गेला असता. साधा प्रवाहीपणाचा प्रश्न आहे."

मामा सावकाश जवळ आले. परितोषबाबूंच्या नाकाशी नाक नेऊन त्यांनी त्या थेंबाकडे डोळे बारीक करून बघितलं. थेंब खरंच रेंगाळत होता.

"सकाळपासून कारागिराशी भांडतोय मी!" मामा एकदम फुटले. "पाक जाड, पाक जाड! तो म्हणतो, तुमचा भ्रम आहे. दिवसभर गिऱ्हाइकं वाहवा करत खाऊन गेली, एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि तुम्हाला न खाता कळलं!" त्यांनी परितोषबाबूंना मिठी मारली आणि दोघेही एकमेकांना चिकटले. "असं घर सोडून कुठं जाऊ? मुलगी आमची!"

पिशीमांनी शुभशकुनाचा शंख फुंकायला मागवला. पियाली रडता रडता हसली. दीपायन अजून गोंधळलेला होता. त्याला खांद्याला धरून परितोषबाबूंनी विचारलं, "खरं सांग. हांडीला भिऊन वाकलास का?"

"नाही हो, मास्टरमशाय. पिशीमा दिसल्या आणि हांडीचं ध्यानच राहिलं नाही."

"बघा! हांडी नाकावर येतेय आणि याला तिचं ध्यान नाही! नियमावर याहून जास्त भरवसा कोण ठेवणार?" परितोषबाबूंनी निकाल जाहीर केला. "नियम पास. हांडी पास. मुलगाही पास!"

"आणि तुम्ही?" सुलेखादेवींनी विचारलं. "हांडी आपल्या जागेच्या पुढे आलीच नाही ना? मग तुम्हाला लागली कशी?"

परितोषबाबूंनी पंजाबीतला रसगुल्ला शोधून काढला, तोंडात टाकला आणि शांतपणे चघळला.

"मी परीक्षक आहे. परीक्षकाला कुणी मार्क देत नसतं!"

"खरंय. परीक्षकाला फडकं देतात," असं म्हणून सुलेखादेवींनी ओलं फडकं त्यांच्या हातात ठेवलं आणि फरशीकडे बोट दाखवलं.