मलमाच्या पोटातलं नाव

आमच्या कॉलेजातले गायकवाड मामा कुठल्याही वस्तूचं समोरचं नाव वाचत नाहीत. साबण असो की बिस्किटाचा पुडा, आधी तो उलटा करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मागची बारीक अक्षरं नाकाशी धरून वाचतात. "वरचं नाव दुकानदारासाठी असतंय, सर. आपण पोटातलं नाव वाचायचं."

मामा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवण्यात उभी हयात गेली, त्याचा हा परिणाम. मी मराठीचा प्राध्यापक. माझा सगळा विश्वास वरच्या नावावर.

गेल्या वर्षी माझ्या कोपरांवर सोरायसिसचे चट्टे उठले. लातुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी मलम लिहून दिलं. ट्यूब एवढीशी आणि किंमत अशी, की घरी मी ती बायकोच्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवू लागलो. पण महाग ते गुणकारी, ही माझी ठाम समजूत. स्टाफरूममध्ये तर ट्यूब मुद्दाम टेबलावर ठेवायचो. दुखणं असावं तर असं!

एक दिवस मामांनी ती उचलून उलटी केली. "सर, हेच औषध, हाच टक्का, दुसऱ्या कंपनीचं निम्म्याहून कमी भावात मिळतंय की."

"मामा, स्वस्तातलं आपल्याला चालत नाही," मी म्हणालो. पायात सेलमधून आणलेले बूट होते.

"मग डॉक्टरलाच विचारू. मी येतो संगं."

आणि खरंच आले. डॉक्टरांपुढे मी नुसता घसा खाकरत बसलो. पैशाचं बोलायची लाज वाटत होती. शेवटी मामांनीच विचारलं, "साहेब, पोटातलं नाव तेच असलं तर चालंल का?"

"चालेल की! आधीच सांगायचं ना," म्हणत डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव आणि टक्का लिहून दिला. मग माझ्याकडे वळले. "ट्यूब किती दिवस पुरते?"

"आठवडा," मी अभिमानानं म्हणालो.

"अहो, महिनाभर पुरायला हवी! पातळ थर लावायचा. जास्त लावलं तर कातडी खराब होते. तुम्ही तर भिंत लिंपताय."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "कंपनीनं कमी अन् तुम्हीच तुम्हाला लई लुटलंय, सर."

दोन महिन्यांत चट्टे ओसरले. एका रविवारी मी पेढे घेऊन मामांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मामा उघड्या अंगानं आरशाकडे पाठ करून उभे होते. हातात स्वयंपाकाचं उलथणं, त्याच्या टोकाला मलम. मला हसूच फुटलं. तेही हसले. मग आरशात त्यांची पाठ दिसली. माझ्या कोपरांवर होते तसलेच चट्टे, पण पाठभर.

"लई वर्षं झाली," मामा म्हणाले. "औषध स्वस्तात बसवलं, पण पाठीला हात पुरंना. बायको, मंगल, होती तवर ती लावायची. ती गेल्यापासून हे उलथणं."

मी पेढे ठेवले, मोरीत जाऊन हात धुतले आणि त्यांच्या हातातली ट्यूब घेतली. मामा पाठ करून खाटेवर बसले.

थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "डावीकडं, सर. खांद्याच्या खाली. तिथं उलथणं जातच न्हाई."