पहिल्या नंबरची पावती

आमच्या मंडळात चहा प्यायला की पावती मिळते. पाच रुपयांची, सहीसकट. खजिनदार दामलेकाका स्वतःच्या चहाचीही पावती फाडतात आणि "सांभाळून ठेवा" असं स्वतःलाच बजावतात.

काका बँकेतून निवृत्त झालेले. या बंगाली शहरात बालीगंजमधली तळमजल्याची एक खोली आणि मराठी पुस्तकांची सहा कपाटं, एवढंच आमचं मंडळ. तेवीस वर्षं ते त्यांनी तगवलंय. पावतीपुस्तकं सियालदहला दोन रुपयांनी स्वस्त मिळतात म्हणून ते तिकडे जातात, आणि वाचलेले दोन रुपये बसला जाऊ नयेत म्हणून चालत परत येतात. वर म्हणतात, "संस्था अशीच जगते."

मी चिटणीस झालो तेव्हा त्यांनी जुन्या वह्या काढून दाखवल्या. एके काळी दीडशे सभासद होते. मग कुणाच्या बदल्या झाल्या, कुणाची मुलं पुण्याला गेली ती परत यायचं नाव घेईनात. आता वर्गणीतून खोलीचं भाडं जेमतेम निघतं. शिवाय घटनेत लिहिलंय, सभासद चाळीसच्या खाली गेले तर मंडळ बंद करून पुस्तकं वाटून टाकायची.

यंदा वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी मी वर्गणीच्या पावत्या मोजल्या. बरोब्बर चाळीस! जीव भांड्यात पडला. मग पहिल्या नंबरच्या पावतीवरचं नाव वाचलं: मालती दामले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

"काका, हे नाव..."

"वर्गणी भरलीय. थकबाकी नसताना नाव काढायचा नियम नाही." त्यांनी ठणकावलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मोजू नका तिला. ते खोटं होईल. एकोणचाळीस लिहा."

मला त्यांचा रागच आला. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? शेवटी मी पाकीट काढलं आणि माझ्या मुलीचं नाव सांगितलं.

"अठरा पूर्ण?"

"मागच्याच महिन्यात."

"मराठी वाचते?"

"बोट ठेवून."

"चालेल." त्यांनी पावती फाडली, सुटे मोजून परत दिले.

"झाले चाळीस," मी म्हणालो. "आणि काकूंची पावती?"

"असू द्या हो. घरी मी एकटा, तिचं नाव कुणापुढे घेणार? वर्षातून एकदा इथे लिहायला मिळतं."

मग आम्ही दोघांनी चहा घेतला. पावत्या फाडायला काका विसरले, आणि मीही आठवण करून दिली नाही.